डीएसआयचा नँड बॅकअप मेलनडीएसमध्ये चालत नाही? या चुका टाळा

निन्टेन्डो डीएसआय या हातातल्या गेम कन्सोलच्या नँडचा, म्हणजे आतल्या मेमरीचा, नवा बॅकअप घेतला की पहिली घाबरगुंडी उडते ती हॅशवरून, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून मोजलेल्या ठशावरून. हा बॅकअप मेलनडीएस या एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर डीएसआयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवायचा असतो. बॅकअप घेणारं डम्पटूल हे अ‍ॅप एसडी कार्डावर ‘नँड.बिन’ आणि सोबत एसएचए-१ची (हॅशची) छोटी फाइल ठेवतं. ताडून पाहिलं तर जुळत नाही. मग लोक पुन्हा पुन्हा बॅकअप घेत बसतात, नाहीतर फाइलच्या शेवटचे ६४ बाइट उडवून हॅश जुळवतात. ही दुसरी चूक फार महागात पडते.

डम्पटूल आधी हॅश मोजतं आणि मग फाइलच्या शेवटी ६४ बाइटची माहितीची पुरवणी, म्हणजे नोकॅश फुटर, जोडतं. म्हणून फुटरसकट फाइलचा हॅश जुळणारच नाही. त्या फुटरमध्ये तुमच्या डीएसआयचा कन्सोल आयडी आणि मेमरी चिपचा सीआयडी (ओळख क्रमांक) असतो. नँडचं कुलूप या दोन्हींवरूनच उघडतं, म्हणून फुटर नसेल तर मेलनडीएस फाइल घेत नाही. दुसऱ्याच्या कन्सोलचा फुटर चिकटवूनही काही साधत नाही. खात्री करायचीच असेल तर फाइलची एक प्रत काढा, हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्या प्रतीचे शेवटचे ६४ बाइट काढा आणि तिचा हॅश मोजा. फुटरसकट फाइल २५,१६,५८,३०४ बाइटची असते. काही कन्सोलांत चिप मोठी असते, तिथे २५,७४,२५,४७२.

मूळ फाइल एम्युलेटरला कधीच देऊ नका, प्रत द्या. मेलनडीएस त्या फाइलमध्ये लिहितो. डीएसआयच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटोही याच नँडमध्ये असतात. इंदूरच्या राजवाड्यावरच्या रंगपंचमीच्या गेरचे (मिरवणुकीचे), आजीचे धूसर फोटो त्यात असतील तर ते परत कुठून आणणार? विकत घेतलेल्या डीएसआयवेअर (डाउनलोड करायच्या) गेमचंही तेच: डीएसआय शॉप ३१ मार्च २०१७ला बंद झालं. एम्युलेटरने बदललेली फाइल खऱ्या कन्सोलवर तर चढवूच नका, कन्सोल कायमचा बंद पडू शकतो.

मेलनडीएसला कन्सोलच्या फर्मवेअर आणि बायोस या मूळ प्रणालीच्या फाइलीही लागतात. फर्मवेअरच्या जागी जुन्या डीएसची फाइल दिली जाते, तेही बघा. डीएसची २५६ केबीची, डीएसआयची १२८ केबीची. दोन्ही डीएसआय बायोस प्रत्येकी ६४ केबीचे हवेत.

इंदूरच्या जेल रोडवरून स्वस्तातलं एसडी कार्ड आणलंत तर आधी ते पूर्ण भरून तपासा. खोट्या क्षमतेच्या कार्डावर बॅकअप ‘यशस्वी’ दिसतो आणि आत फाइल फाटलेली निघते. कार्ड फॅट३२मध्ये फॉर्मॅट करा, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि बॅकअप चालू असताना झाकण मिटू नका.