बोटाएवढं झाल्याशिवाय तळ्यात सोडू नका

पहिल्या वर्षी आम्ही तलावात पाच हजार मासे सोडले आणि पुढच्या अख्ख्या वर्षात गळाला लागले अकरा. पिशव्या आणल्या, बांधावर नारळ फोडला, पिशव्या पाण्यात ओतल्या, फोटो काढले, भेळ खाल्ली, घरी गेलो. त्या साली तलावातले मरळ मात्र चांगले गुबगुबीत निघाले. आम्ही मासे सोडले नव्हते, मरळांना जेवण घातलं होतं.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालो. गळ टाकायचा नाद मात्र शाळेत असल्यापासूनचा. आमचा तलाव कराडच्या पश्चिमेला आहे, बहात्तरच्या दुष्काळात कामावर खोदलेला पाझर तलाव. आईने त्याच्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्यात. आता आम्ही नऊ जण हौशी आहोत: दोन शिक्षक, एक गवंडी, एक दूधवाला, बाकी माझ्यासारखे रिकामटेकडे. दरवर्षी बी, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, आणून हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पेटीत, वाढवतो आणि बोटाएवढं झालं की मगच सोडतो. तुमच्या तळ्यावर हे करायचं असेल तर आम्ही कसं करतो ते सांगतो.

आधी परवानगी. बहुतेक तलाव मच्छिमार सहकारी संस्थेकडे ठेक्यावर असतात, आणि ठेका असेल तर पाण्यातला मासा त्यांचा. आपण हौस म्हणून काठी घेऊन बसलो तरी त्यांच्या पोटावर बसलेलो असतो. आम्ही सरळ सोसायटीच्या चेअरमनकडे गेलो. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. म्हटलं, "आण्णा, बियाचा खर्च सोसायटीचा, राबणं आमचं. बदल्यात रविवारी गळ टाकू द्या." आण्णा म्हणाले, "किती जण? आणि जाळं लावणार नाही ना?" माणशी दोन मासे घरी न्यायचे, बाकी परत सोडायचे, जाळं कधीच नाही, असं ठरलं आणि त्यांनी ते ठरावात लिहून घेतलं. तोंडी ठेवू नका. चेअरमन बदलतात.

लोक विचारतात, दरवर्षी बी कशाला टाकायचं, मासे आपोआप वाढत नाहीत का? रोहू, कटला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला, वाहतं पाणी काठावरच्या गवतात पसरलं, की ते अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती घालत नाही. म्हणून पूर्वी नद्यांतून बी गोळा करून आणावं लागायचं आणि त्यात कुठल्या माशाचं बी आहे ते देवालाच ठाऊक. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली. तिथून चक्र फिरलं. आजही 10 जुलै मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. आम्ही बी आणायला त्याच सुमारास जातो. मुहूर्त म्हणून नाही हो, तेव्हाच मत्स्यबीज केंद्रात बी तयार असतं.

बियाची नावं नीट शिकून घ्या, नाहीतर फसाल. अंड्यातून निघून तीनेक दिवस झालेलं ते मत्स्यजिरे, दिसतंही जिऱ्यासारखंच. पंधरा-वीस दिवसांनी, वीस-पंचवीस मिलिमीटरचं झालं की मत्स्यबीज. त्यापुढे अर्धबोटुकली आणि मग बोटुकली. आम्हाला सोडायची असते ती आठ ते दहा सेंटीमीटरची बोटुकली. मग थेट बोटुकलीच का विकत घेत नाही? महाग पडते आणि नेता येत नाही. ज्या पिशवीत हजार बीज सुखाने प्रवास करतात, तिच्यात बोटुकल्या थोड्याच मावतात, त्याही दमून पोचतात. म्हणून बीज आणायचं आणि अडीच-तीन महिने आपण सांभाळायचं.

हापा

हापा म्हणजे मच्छरदाणी उलटी करून पाण्यात टांगल्यासारखी जाळीची पेटी. आमचे चार आहेत, प्रत्येक चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल. बारीक नायलॉनची जाळी आणून गावातल्या शिंप्याकडून दुहेरी शिवण मारून घेतली, कडेने दोरी ओवली. एका हाप्यात हजार बीज, त्याहून जास्त नाही. पहिल्यांदा मोह झाला होता दोन हजारांचा. तेवढी दाटी केली की मासे मरतीलच असं नाही, पण वाढत नाहीत. ऑक्टोबरातही जुलैएवढेच दिसतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही चार बांबू रोवून हापे पक्के बांधले होते. ऑगस्टात एका रात्रीत तलाव तीन फूट चढला, हाप्यांच्या वरच्या कडा पाण्याखाली गेल्या आणि सकाळी आत शिल्लक राहिले ते मंद बुद्धीचे दोन-चारशे. तेव्हापासून हापा तरंगता असतो. पीव्हीसी पाइपची चौकट, कोपऱ्यांना बूच घट्ट बसवलेले रिकामे तेलाचे कॅन, आणि दोन बाजूंना दगडाचे नांगर. दोरी सैल सोडायची, म्हणजे पाणी चढलं की हापाही चढतो. वरची कड पाण्याच्या वर वीतभर तरी राहिली पाहिजे. खालच्या चार कोपऱ्यांना ओंजळीत मावतील एवढे गोल दगड कापडात बांधून लटकवायचे, नुसता दगड जाळी घासतो.

जागा निवडताना ओढा जिथे तलावात येतो ते तोंड टाळा, गढूळ पाणी थेट हाप्यात शिरतं. वारा लागेल अशी मोकळी जागा बघा. हाप्याचा तळ आणि चिखल यांच्यात हातभर तरी अंतर हवं. तळ टेकला की खेकडा जाळी कातरतो आणि तो एका भोकावर कधीच थांबत नाही. वरून पक्ष्यांसाठी जुनं जाळं ताणायचं. खंड्या एकेक नेतो, त्याचं काही वाटत नाही. पाणकावळे आले की पंगतच बसते.

नवा हापा बी आणायच्या चार-पाच दिवस आधी पाण्यात टाकून ठेवा. जाळी मऊ पडते, नाहीतर पिल्लांच्या अंगाला खरचटतं आणि तिथे बुरशी धरते.

बी आणणं

केंद्रावर गेल्यावर लाजायचं नाही. एका घमेल्यात थोडं बीज मागा आणि हाताने पाणी गोल फिरवा. चांगलं बीज प्रवाहाच्या उलट पोहतं, कडेला चिकटून झुंज देतं. जे पाण्याबरोबर मध्यभागी गोळा होतं ते नको. मोजणी वाटीने होते: एक वाटी खरोखर मोजतात, पुढच्या सगळ्या तेवढ्याच धरतात. ती पहिली वाटी मोजताना शेजारी उभं राहा. कटला, रोहू, मृगळ आम्ही चारास तीनास तीन असे घेतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणजे एकमेकांच्या ताटात हात नाही.

पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. पहाटे निघा, गाडीत पिशव्यांवर ओलं पोतं टाका. तलावावर पोचलं की घाई नको. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड सोडून ओंजळ-ओंजळ तलावाचं पाणी आत घाला, शेवटी पिशवी आडवी करा. मासे आपणहून बाहेर पडू द्यायचे. आमच्यातल्या एका गुरुजींना ही वीस मिनिटं कधीच धरवत नाहीत, म्हणून त्यांना आम्ही चहा आणायला पाठवतो.

तीन महिने

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे निम्मे, चाळून घेतलेले. पहिले पंधरा दिवस कोरडी पूड पाण्यावर भुरभुरायची. नंतर भिजवून गोळा करायचा आणि परातीत ठेवून परात हाप्यात टांगायची. परातीचा फायदा असा की दोन तासांनी उचलली की किती उरलं ते दिसतं. उरलं तर उद्या कमी.

हिशेब सोपा आहे. शंभर मासे ओल्या गाळणीत धरून किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. सुरुवातीला वजनाच्या दहा टक्के खाद्य, शेवटच्या महिन्यात पाच टक्के. हजार बीज मिळून दोन-अडीचशे ग्रॅम भरतं, म्हणजे दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत. हे वाचून तुम्हाला कमी वाटेल. आमच्या दूधवाल्यालाही वाटलं. म्हशीच्या हिशेबाने त्याने पाटीभर टाकलं, ते कुजलं आणि आठवड्यात एक हापा गेला.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे हापा घासणं. जाळीवर शेवाळ धरतं, भोकं बुजतात, आतलं पाणी बदलत नाही. दर पाच-सहा दिवसांनी बाहेरून मऊ ब्रशने घासायचं. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणून पाहणीही पहाटेच करायची. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद, हापा घासा, बादलीने पाणी उंचावरून ओता. आभाळ सलग भरलेलं असलं की खाद्य निम्मं. आम्ही पाळ्या लावल्यात, प्रत्येकाचा वार ठरलेला. गणपतीत पाळी चुकवणाऱ्याला पुढचे दोन रविवार गळ बंद. या एका नियमावर अख्खी मंडळी टिकून आहे.

महिन्याने निवडणी करा. मोठे एका हाप्यात, मागे राहिलेले दुसऱ्यात. एकत्र ठेवले तर मोठेच सगळं खातात.

सोडणं

दसरा-दिवाळीच्या दरम्यान बोटुकली तयार होते. सोडायच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवायची. सकाळी बादलीत परमँगनेटचं अगदी फिकट गुलाबी पाणी करून त्यात क्षणभर बुडवून काढतो, मग होडीतून तीन-चार ठिकाणी विभागून सोडतो. एकाच जागी ओतलं की पाणकावळ्यांना निमंत्रण.

त्याआधी मरळ विरळ करून ठेवतो, चमच्याच्या, म्हणजे चकाकती पत्र्याची पट्टी लावलेल्या, गळाने. विरळ म्हणतोय, संपवायचे नाहीत. पावसाळ्यात तांबड्या पिल्लांच्या घोळक्याखाली नर-मादी राखण करत असतात, त्यांना आम्ही गळ दाखवत नाही. मरळ आपल्या पाण्याचा जुना रहिवासी आहे, आणि बोटुकली त्याच्या तोंडातून बऱ्यापैकी निसटते. बीज निसटत नाही, एवढाच फरक आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

काय सोडू नये तेही सांगतो. थाई मांगूर अजिबात नाही, त्यावर बंदी आहे आणि तो बाकीचं सगळं खाऊन टाकतो. तिलापिया एकदा शिरला की तळं त्याचं. आणि महाशीर मिळाला म्हणून हौसेने कुठल्याही नदीत टाकू नका. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी आपल्या दख्खनी महाशीराची पैदास बसवली, फार मोठं काम. पण तोच मासा कावेरीत सोडला गेला, तेव्हा तिथल्या मूळच्या कुबडदार महाशीराच्या मुळावर आला. चांगला मासाही चुकीच्या पाण्यात उपद्रवी होतो.

आणि रविवार

पुढच्या दिवाळीपर्यंत अर्धा ते एक किलो भरतात. तोवर गळाला लहान आले तर परत. त्यासाठी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो, मासा न फाटता सुटतो. हात ओले करूनच धरायचा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो.

आमिष म्हणून कणीक, भाजलेली शेंगदाणा पेंड आणि चिमूटभर बडीशेप. आमच्या माशांना पेंडीचा वास ओळखीचा आहे, लहानपणीचं जेवण ते. रोहूसाठी वाटाण्याएवढी गोळी, बारीक तंगूस, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा. तो एकदम बुडत नाही, दोनदा थरथरतो आणि आडवा होतो. आडवा झाला की हिसका. कटल्याला गोळी सैल हवी, पाण्यात विरघळत राहणारी, वरून तीन-चार फुटांवर. थंडीत उन्हं वर आल्याशिवाय बसूच नका, उगाच गारठाल.

एक राहिलं. हापे रिकामे झाले की धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा. आम्ही एका वर्षी पोत्यात भरून माळ्यावर टाकले होते. जूनमध्ये काढले तर जाळीला पेंडीचा वास राहिलेला आणि उंदरांनी चारांपैकी तीन कुरतडलेले. शिंपी म्हणाला, "काका, ठिगळं लावू का नवंच शिवू?" नवंच शिवलं.