ब्लिओमायसिनचं मॉडेल, भंडाऱ्याच्या उन्हाळ्यासकट

एम. फार्म.ची मुलं प्रोजेक्टसाठी येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, फुफ्फुसाच्या फायब्रोसिसचं मॉडेल बसवतो, औषध पहिल्या दिवसापासूनच द्यायचं ना?" नाही बाप्पा. मॉडेल म्हणजे माइसच्या (उंदरांच्या) फुफ्फुसात मुद्दाम घडवलेला फायब्रोसिस, म्हणजे चट्टे पडून येणारा कडकपणा. ज्या औषधाची परीक्षा घ्यायची ते कधी सुरू करायचं, हे आधी ठरवा. बाकीचं त्यानंतर.

ब्लिओमायसिन हे कॅन्सरवरचं औषध डीएनए तोडतं, आणि त्याला निकामी करणारं हायड्रोलेज एन्झाइम फुफ्फुसात कमी असतं, म्हणून मार तिथे बसतो. श्वासनलिकेत एक डोस दिला की पहिला आठवडा नुसती सूज असते. खरं कोलॅजन (चट्ट्याचं प्रथिन) त्यानंतर साचतं, १४ ते २१ दिवसांत जोर धरतं आणि तरुण माइसमध्ये पुढे हळूहळू ओसरतंही. पहिल्या दिवसापासून परीक्षेचं औषध दिलं तर सूज दबते आणि आपण फायब्रोसिस थांबवल्याच्या आनंदात राहतो. पेशंट तर फुफ्फुस कडक झाल्यावरच दवाखान्यात येतो. म्हणून औषध ७ ते १० व्या दिवसापासून सुरू करा, २१ किंवा २८ व्या दिवशी थांबवा. सोबत तुलनेसाठी पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिबचा एक गट ठेवा. आयपीएफसाठी (कारण न कळणाऱ्या फुफ्फुसाच्या फायब्रोसिससाठी) दोन्हींना अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली आहे.

आपल्याकडच्या मुलांना ब्लिओमायसिनऐवजी सिलिका (दगडाची बारीक धूळ) जवळची वाटते. तुमसरकडच्या खाणी, गिट्टीचे क्रशर डोळ्यांसमोर असतात ना. सिलिकाच्या गाठी ओसरत नाहीत, हा तिचा मोठा गुण. पण वेळ बराच जातो, आणि कणांचे गोळे झाले की प्रत्येक जनावरात वेगळंच चित्र दिसतं. पहिल्या प्रोजेक्टला ब्लिओमायसिनच घ्या.

जात सी५७बीएल/६, नर, ८ ते १० आठवड्यांचे. बाल्ब/सी घेऊ नका, त्यांच्यात फायब्रोसिस नीट होत नाही. एथिक्स कमिटीचा फॉर्म बी मंजूर झाल्याशिवाय एकही जनावर मागवायचं नाही. मधे काही दगावतात, तेवढे जास्तीचे त्या फॉर्ममध्येच कारणासह मागून घ्या.

आता अॅनिमल हाऊस. इथेच आपल्याकडचे निम्मे प्रयोग बिघडतात. खोली २२ अंशांच्या आसपास हवी आणि बाहेर मे महिन्यात ४५. कुणीतरी खिडकीला कूलर लावतोच. कूलरने खोली गार होते, पण दमट होते. ओल्या बेडिंगमधून अमोनिया सुटतो आणि अमोनियाने फुफ्फुसाला जो त्रास होतो तो तुमच्या कंट्रोल गटातही (नुसतं सलाइन दिलेल्या) दिसतो. एसी हवा, आणि लाईन गेली तर तो चालवायला जनरेटर हवा. ते नसेल तर प्रयोग दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत आटपा. बेडिंगला राइस मिलमधून धानाचं तूस आणायची आपल्याकडे सवय आहे, फुकटात मिळतं ना! पण त्याची धूळ उडते. फुफ्फुसाच्या कामाला मक्याच्या कणसाचा, धूळ झाडलेला भरडाच बरा.

डोसचं गणित सोपं ठेवा. व्हायलच्या लेबलवर युनिट बघा. युनिट आणि मिलिग्रॅम एक नव्हे. १५ युनिटची व्हायल २० मिली सलाइनमध्ये विरघळवली की मिलीला ०.७५ युनिट होतात. त्यातलं वजनाच्या दर ग्रॅमला २ मायक्रोलिटर दिलं की डोस किलोला १.५ युनिट बसतो, २५ ग्रॅमच्या माऊसला ५० मायक्रोलिटर. द्रावण ताजंच वापरा. हे पेशी मारणारं औषध आहे, दोन ग्लोव्हज आणि मास्क घातल्याशिवाय व्हायल उघडायची नाही.

केटामीन-झायलाझीनने भूल द्या. तिरप्या फळीवर वरचे दात दोऱ्यात अडकवून माऊस टांगा, चिमट्याने जीभ हळूच बाजूला ओढून धरा, थेंब घशाच्या मागे सोडा आणि नाक बंद करा. दोन-तीन श्वासांत थेंब आत जातो. आत जाताना बारीक चरचर ऐकू येते. ऐकू आली नाही तर बहुतेक त्यानं गिळलं, त्या माऊसच्या नावापुढे वहीत तशी नोंद करा. शुद्धीवर येईपर्यंत ऊब द्या. सलाइनचा गटही अगदी याच हातांनी, याच पद्धतीनं.

मग रोज सकाळी वजन. घट २० टक्क्यांवर गेली की त्या जनावराला वेदना न देता मुक्त करायचं, आकडा वाढवायला जिवंत ठेवायचं नाही.

शेवटी डावं फुफ्फुस हायड्रॉक्सिप्रोलिनसाठी (यावरून कोलॅजन मोजतात) पूर्ण घ्या, तुकडा नको, कारण चट्टे विखुरलेले असतात. तुलना करायची ती पूर्ण फुफ्फुसातल्या मायक्रोग्रॅमची. मिलिग्रॅममागे काढलं तर सुजेचं पाणी आकडा खाली ओढतं. डावं काढण्याआधी त्याच्या नळीला दोरा बांधा आणि उजव्या बाजूत २५ सेंमी पाण्याच्या दाबानं फॉर्मलिन भरा, नाहीतर मिटलेली फुफ्फुसं स्लाइडवर फायब्रोसिससारखीच दिसतात. मॅसन ट्रायक्रोमवर (कोलॅजन रंगवणारा डाग) फायब्रोसिस किती ते सांगणारा अॅशक्रॉफ्ट स्कोअर ० ते ८. तो देणाऱ्याला गट कळू देऊ नका. स्लाइडवरची नावं झाकून नंबर टाकायला दुसऱ्या बॅचच्या मुलाला बसवा.