पर्मनंट नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर जाताय? या चुका टाळा

राजीनाम्याचा मेल टाकून झाल्यावर घरी सांगणं ही पहिली चूक, आणि बहुतेकांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी. नोटीस पिरियड सुरू झालेला असतो, एचआरशी बोलणं झालेलं असतं, आणि मग रविवारी जेवताना विषय निघतो. बाबा म्हणतात, "चांगली पर्मनंट नोकरी आहे ना, काय कमी आहे तिथे?" बायको विचारते, "फ्लॅटचा हप्ता कुठून जाणार?" यावर "आता सगळे असंच करतात" हे उत्तर नव्हे. हप्त्याचा प्रश्न विचारला असेल तर उत्तरही हप्त्याचंच हवं.

मुंबईतल्या मराठी घरांना कॉन्ट्रॅक्टची धास्ती उगाच नाही. गिरण्यांत पर्मनंट आणि बदली असे दोन प्रकारचे कामगार असायचे. बदलीवाला पाळीच्या वेळी गेटवर उभा राहायचा, आत कुणी गैरहजर असेल तरच त्याला काम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि अनेक घरांत पुन्हा पगार आलाच नाही. ज्यांनी लालबाग-परळमध्ये हे पाहिलंय, त्यांना तुमचा 'सहा महिन्यांचा प्रोजेक्ट, पुढे वाढेल' ऐकून काय वाटेल याचा विचार करा. त्यांच्याशी वाद घालू नका. एका कागदावर महिन्याचा घरखर्च, हप्ता, किती महिने पुरेल एवढी रक्कम बाजूला काढली आहे आणि नव्या मेडिक्लेमचं काय झालं, एवढं लिहून समोर ठेवा. हा कागद भरता येत नसेल तर घरच्यांची शंका बरोबर आहे.

मित्रांचं थोडं वेगळं. ज्याने कधी कॉन्ट्रॅक्ट केलंच नाही त्याचं मत ऐकून सोडून द्या. कॉन्ट्रॅक्ट करून पुन्हा नोकरीत परतलेला एखादा गाठा आणि त्याला चहा पाजा. तो जे सांगेल ते कुठलाही रिक्रूटर सांगणार नाही.

कुठलं कॉन्ट्रॅक्ट, हे न विचारणं

ऐरोली किंवा पवईच्या एखाद्या मोठ्या कंपनीत 'कॉन्ट्रॅक्टवर' बसलेल्या दोघांची परिस्थिती अगदी वेगळी असू शकते. एक जण व्हेंडरच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या, पेरोलवर असतो. म्हणजे तो व्हेंडरचा नोकरच. पगारातून टीडीएस (हातात येण्याआधीच कापला जाणारा कर), सहसा पीएफही कापला जातो. दुसरा स्वतंत्र कन्सल्टंट असतो. तो इनव्हॉइस देतो, त्याच्या फीमधून साधारण १० टक्के टीडीएस जातो, पीएफ आणि पगारी रजा नाही. पहिल्याला रेट कमी मिळणार हे उघड आहे. चूक होते ती पहिल्याच्या रेटवर दुसऱ्यासारखं काम पत्करण्यात. ऑफर लेटरमध्ये 'प्रोफेशनल फी' लिहिलंय की 'सॅलरी', हे सहीआधी बघा.

सीटीसीला बारा आणि बाविसने भागणं

सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) १८ लाख, म्हणजे महिना दीड लाख, महिन्याचे कामाचे दिवस २२, म्हणून दिवसाचे ६,८०० मागू, असा हिशेब सर्रास होतो. त्यात सुट्ट्यांचे आणि रिकाम्या काळाचे पैसे कुठेच नाहीत. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१ उरतात. सणांच्या सुट्ट्या, गावची गणपतीची रजा, आजारपण मिळून ३० काढा. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये एक महिना रिकामा जाईल असं धरून आणखी २० काढा. उरले २११. १८ लाखांना २११ ने भागलं की साडेआठ हजार होतात. त्यावर मेडिक्लेम, सीएची फी आणि लॅपटॉप धरला की साडेनऊ-दहा हजारांच्या खाली बोलण्यात अर्थ नाही, तेही जुन्या कमाईइतकंच मिळावं म्हणून.

रेटपुढे 'जीएसटी वेगळा' हे शब्द लिहून घ्या. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की महाराष्ट्रात नोंदणी लागते आणि बहुतेक कामावर १८ टक्के लावावे लागतात. करारात 'सर्व करांसहित' असेल तर १,१८,००० मधले १८,००० तुमच्या खिशातून सरकारकडे जातील.

चार वर्षं दहा महिन्यांनी राजीनामा

पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) सलग पाच वर्षं सेवा लागते. सूत्र सोपं आहे: ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार (मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं. ५२,००० धरले तर वर्षाला ३०,०००, पाच वर्षांचे दीड लाख. दोन महिने कळ काढा. जॉइनिंग बोनस किंवा ट्रेनिंगचे पैसे परत करण्याची अट कधी संपते, तेही त्याच बैठकीत तपासा.

पीएफ मोडायची घाई नको. सेवा दहा वर्षांच्या जवळ असेल तर जास्तच सांभाळा, कारण पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते.

मेडिक्लेम नंतर बघू

कंपनीचं ग्रुप कव्हर सहसा शेवटच्या दिवशी संपतं, आणि त्यात आईवडील असतील तर तेही बाहेर पडतात. नव्या पॉलिसीत अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस कव्हर नसतं, आणि आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोटीस पिरियडमध्येच पॉलिसी घ्या. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि झालेला वेटिंग पिरियड धरला जातो का, हे लेखी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही. माझ्या मते घरच्यांच्या शंकांपैकी सगळ्यात रास्त शंका हीच आहे, आणि सगळ्यात लवकर मिटवता येणारीही.

होम लोन घ्यायचं असेल तर तेही राजीनाम्याआधीच. व्यवसाय करणाऱ्याकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात. भाड्याचं घर बदलायचं असलं तरी सॅलरी स्लिप हातात असताना बदला. अकरा महिन्यांच्या कराराआधी घरमालक तीच मागतात.

कर कुणीतरी कापेल, असं समजणं

१० टक्के टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला नाही. बाकीचा ॲडव्हान्स टॅक्स १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला तुम्हीच भरायचा. इंजिनिअर, आर्किटेक्ट, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना निम्मी जमा हाच नफा धरून रिटर्न भरायची सोय आहे. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाख, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. तिथे एकच हप्ता, १५ मार्चचा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्यामुळे कलमांचे क्रमांक जुन्या माहितीवरून उचलू नका.

हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे प्रोफेशन टॅक्स. नोकरीत महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जायचे, तुम्हाला पत्ताही नसायचा. आता पीटीईसी, म्हणजे या करासाठी स्वतःच्या नावाची नोंदणी करून वर्षाचे २,५०० स्वतः भरायचे, ३० जूनच्या आत.

पैसे अडकलेत?

आधी इनव्हॉइस उघडून बघा. पीओ (कंपनीची परचेस ऑर्डर) नंबर आहे का? कामाचा कालावधी टाइमशीटशी जुळतो का? टाइमशीट मॅनेजरने सिस्टीममध्ये अप्रूव्ह केलंय की फक्त व्हॉट्सॲपवर 'ओके' म्हटलंय? अकाउंट्सवाले चुकलेला इनव्हॉइस परत पाठवतातच असं नाही. तो तसाच पडून राहतो आणि महिन्याची कटऑफ तारीख निघून जाते. पाठवल्यावर दोन दिवसांनी 'नोंद झाली का?' एवढा मेल टाका, आणि तो मॅनेजरला नको, अकाउंट्सला.

इनव्हॉइस बरोबर असूनही "क्लायंटने दिले की देऊ" असं व्हेंडर म्हणत असेल तर करार काढा. तशी अट असेल तर ती सही करतानाच खोडून घ्यायला हवी होती, पण अजून मार्ग आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, आणि ती काम सुरू करण्याआधी केलेली असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, आणि समोरच्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करात वजा मिळत नाही. तक्रार सुविधा परिषदेकडे (अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणारी सरकारी परिषद) करता येते. माझा अनुभव असा, की तक्रारीआधी या दोन गोष्टींची आठवण करून देणारा साधा, नम्र मेल अकाउंट्सच्या प्रमुखाला गेला की बरंच काम होतं.

कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढचं नाही

अशा वेळी काही जण घरी सांगत नाहीत, रोजची लोकल पकडून कुठल्यातरी कॅफेत लॅपटॉप उघडून बसतात. कृपा करून हे करू नका. सोसायटीतला कुणीतरी बघतोच. मुदत संपायच्या सहा आठवडे आधी मॅनेजरला रिन्यूअलबद्दल सरळ विचारा, उत्तर गोलमोल आलं की त्याच दिवशी रिक्रूटरना फोन सुरू करा. मुदत डिसेंबर अखेरीस संपत असेल तर आणखी लवकर, कारण परदेशी क्लायंट नाताळात जागेवर नसतात. आणि करारात तुम्हाला काढायला सात दिवसांची नोटीस पण तुम्हाला सोडायला साठ, असं असेल तर रिन्यूअलच्या वेळी दोन्हीकडे तीस मागा. बऱ्याचदा मिळतात.