ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या प्रकल्पाचं मूल्यमापन कसं करावं

बीड जिल्ह्यातली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालतं. पाहणीला वसतिगृहातून सुरुवात केली की निकाल चांगलाच येतो, कारण आईबापाबरोबर उसाच्या फडावर गेलेलं मूल तिथे दिसतच नाही.

म्हणून यादी शाळेच्या पटावरून नको. सप्टेंबरात, टोळ्या निघण्याआधी, घरोघर फिरा आणि 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं नाव, वय, इयत्ता लिहा. तान्ह्या भावंडांनाही धरा. दहा वर्षांची मुलगी बरेचदा त्यांना सांभाळायलाच नेली जाते, आणि वसतिगृहाची सोय मात्र शाळेच्या वयाच्या मुलांपुरती असते. उत्पन्न विचारू नका. मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, मागची बाकी किती, हे विचारा.

95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के चूक धरली तर 385 कुटुंबं पुरतात. पण आधी गावं निवडून मग घरं निवडताना साधारण दुप्पट लागतात, म्हणजे 30 गावांत प्रत्येकी 26. वसतिगृह नसलेली तेवढीच गावं तुलनेला घ्या. नाहीतर पाऊस बरा झाल्यामुळे स्थलांतर घटलं, तरी श्रेय प्रकल्पाला जाईल.

दुसरी फेरी डिसेंबर-जानेवारीत, न कळवता, रात्रीच्या जेवणाला. आधी ताटं मोजा, मग अंथरुणं, हजेरीपट शेवटी उघडा. महिनाभराची हजेरी एकाच पेनानं, एका दमात भरलेली दिसली तर ती हिशेबात धरू नका. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, ते स्वतः लावून पाहा.

तिसरी फेरी मे महिन्यात, त्याच यादीवर. वाचन तपासताना अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या ठेवा. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ‘मामाकडे आहे’ असं उत्तर आलं की गाव आणि शाळा विचारा आणि त्या शाळेत खात्री करा. बालविवाह इथेच निसटतात.

मुलांशी बोलण्याआधी पालकांची आणि मुलाचीही संमती हवी. जागा इतरांच्या नजरेत पण कानाआड असावी. लैंगिक अत्याचाराबद्दल थेट प्रश्न विचारू नका. मूल आपणहून बोललं तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘सगळं गुप्त राहील’ असं वचन कधीच देऊ नका. प्रत्येक सर्वेक्षकाच्या प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक छापून घ्या.