हरवलेल्या माणसाचा माग काढायला कुत्रा शिकवताना

शोधकामातली कुत्री दोन तऱ्हांनी काम करतात. आपल्याला कोणती तऱ्हा हवी, हे पिल्लू घरी आणण्याआधीच ठरवायला हवं. पहिल्या तऱ्हेत कुत्रा मोकळा सुटतो आणि नाक वर धरून वाऱ्यावर येणारा माणसाचा वास टिपतो. माणूस कोण याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. ढिगाऱ्याखाली शोध घेणारी एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) कुत्री अशी असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या ज्युली या कुत्रीने ढिगाऱ्यात जिवंत माणूस असल्याची खूण दिली, मग त्याच जागी रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याला नेऊन खात्री केली आणि सहा वर्षांची मुलगी बाहेर काढता आली. दुसऱ्या तऱ्हेत कुत्र्याला एका ठरावीक माणसाची वस्तू हुंगायला देतात आणि लांब दोरावर तो त्याच माणसाच्या मागावर चालतो. विसराळूपणाच्या आजाराने घरातून निघून गेलेले आजोबा, सह्याद्रीत वाट चुकलेला ट्रेकर, जत्रेत भरकटलेलं मूल यांच्यासाठी ही दुसरी तऱ्हा. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

कुत्र्याला वास घ्यायला शिकवावं लागत नाही. त्याला शिकवायच्या गोष्टी दोनच: दिलेला वास धर, आणि तो संपला की मला कळव. बाकीचं शिक्षण हस्तकाचं, म्हणजे कुत्र्याला हाताळणाऱ्या माणसाचं असतं आणि जास्त वेळ त्यालाच लागतो.

पिल्लू निवडताना जातीपेक्षा चिकाटी बघा. पोलीस दलात डॉबरमन, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर आणि बेल्जियन मॅलिन्वा दिसतात. आपला कारवानी कुत्रा नजरेने शिकार करणारा, म्हणून मागाच्या कामाला तो पहिली निवड ठरत नाही. आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लासमोर आवडतं खेळणं गुडघाभर गवतात टाका. ते दिसेनासं झाल्यावरही पिल्लू नाकाने शोधत राहिलं तर उत्तम. लगेच तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं तर दुसरं पिल्लू बघा. अनोळखी माणसाकडे आनंदाने जाणं तितकंच महत्त्वाचं. माणसाला बिचकणारा कुत्रा शेवटच्या दहा पावलांवर थबकतो.

सुरुवात लपाछपीने होते. मदतनीस पिल्लाला खाऊचा डबा दाखवतो, दहा-पंधरा मीटर पळतो आणि झाडामागे बसतो. वारा कुत्र्याच्या पाठीमागून यायला हवा. समोरून आला तर पिल्लू नाक वर करून हवेतूनच माणूस गाठतं आणि जमिनीकडे बघतही नाही. बक्षीस लपलेल्या माणसानेच द्यायचं, हस्तकाने नाही. मदतनिसाने डबा उघडून अर्धा मिनिट सलग खाऊ घालावं आणि भरपूर लाड करावेत. आपल्याकडे इथेच कंजुषी होते. एक बिस्किट देऊन कुत्र्याला परत ओढलं, तर माणूस सापडण्यात त्याला गोडी उरत नाही.

मग पायाचे ठसे. जागा मऊ हवी: नांगरून ढेकळं फुटलेलं रान किंवा दव पडलेलं गवत, आणि वेळ पहाटेची. मदतनीस एक मीटर बाजूचा त्रिकोण पायाने तुडवतो आणि तिथे मिनिटभर उभा राहतो. तिथून सरळ वीस-पंचवीस पावलं टाकत प्रत्येक ठशात वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवतो. बिस्किटाचा चुरा नको. तो चावायला कुत्रा मान वर करतो आणि लय मोडते. आपल्या हवेत मुंग्या चटकन येतात, म्हणून सुरुवातीला माग दहा मिनिटांपेक्षा जुना होऊ देऊ नका. भटकी कुत्री जवळ असतील तर ते रान सोडाच. हळूहळू खाऊ दर तिसऱ्या पावलावर, मग अनियमित, मग फक्त शेवटी. सरळ माग शंभर-दीडशे मीटर बिनचूक होऊ लागला की वळणं आणा: आधी लांबट, मग काटकोनी.

यापुढे एक नियम कसोशीने पाळा. लांबी, मागाचं वय, वळणं, जमीन आणि आडवे गेलेले माग, या पाचांपैकी एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. पंधरा मिनिटांचा माग तासाभराचा केलात तर लांबी निम्मी करा. गवतावरून मुरमावर गेलात तर वय कमी करा. एकदम दोन गोष्टी बदलल्या आणि कुत्रा चुकला, तर कशामुळे चुकला ते कळत नाही आणि दुरुस्तीही करता येत नाही.

वासाच्या वस्तूचं काम इथे सुरू होतं. न धुतलेला मोजा, उशीचा अभ्रा किंवा बनियन सर्वांत चांगलं. स्वच्छ हातमोजा घालून किंवा चिमट्याने उचला, नव्या झिपच्या पिशवीत बंद करा आणि दोन वस्तू वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. एकत्र कुटुंबात चादरीवर चौघांचा वास असतो. अशा वेळी ज्यांचे हात वस्तूला लागले ते सगळे सुरुवातीच्या जागी उभे राहू देत. कुत्रा त्यांना हुंगतो आणि जो तिथे नाही त्याचा वास घेऊन निघतो. हेही आधी सरावात शिकवावं लागतं. त्यासाठी दोन माणसं एकत्र चालवा, मध्येच वेगळी करा आणि एकाचीच वस्तू द्या. कुत्रा चुकीच्या माणसाकडे गेला तर त्या माणसाने गप्प उभं राहायचं. ना रागवायचं, ना हात लावायचा.

हार्नेस छातीचा हवा, म्हणजे ओढताना गळा दाबला जात नाही. शिवाय तो घातला की काम सुरू, हे कुत्र्याला कळतं. दोर दहा मीटरचा, हलका ताण ठेवून. माग असताना दोराला एकसारखी ओढ असते. माग सुटला की ओढ सैल पडते, मान वर येते, शेपटीची ठेवण बदलते आणि कुत्रा घुटमळतो. त्या क्षणी जागीच थांबा, दोर उंच धरा आणि त्याला तुमच्याभोवती पूर्ण फेरी घेऊ द्या. माग मिळाला नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेवर परत जा. नवखा हस्तक नेमका इथे पुढे चालत राहतो. त्याच्या चालण्याने कुत्र्याला दिशा मिळते आणि तो वासाऐवजी हस्तकाच्या मागे जातो. म्हणून पाया पक्का झाला की माग तुमच्या नकळत पाडून घ्या. वळणांवर झेंडे लावू नका. कुत्रा आणि हस्तक दोघेही झेंडे वाचायला शिकतात. पुढे सोबत चालणाऱ्यालाही माग माहीत नसावा.

हवा आणि जमीन ओळखायला वर्षं लागतात, पण काही गोष्टी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात. दुपारी तापलेल्या कातळावरून वास वर उठून विरतो. तोच वास बांधाच्या सावलीत, ओढ्याकाठी आणि कुंपणाच्या मुळाशी साठून राहतो. रात्री थंड हवा उताराने खाली वाहते, त्यामुळे दरीतला कुत्रा कड्यावरच्या माणसाची खूण देऊ शकतो. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी सावली आणि पाणी द्या. डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवत नसेल, तर कुत्र्याचे पायही तिथे नकोत. ऑक्टोबरनंतर कुसळी गवतातून काम झालं की नाकपुड्या, कान आणि बोटांमधल्या बेचक्या तपासा. कुत्रा अचानक सलग शिंकू लागला किंवा एकाच नाकपुडीतून रक्त आलं, तर कुसळ आत गेलंय असं धरून पशुवैद्याकडे न्या. पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस आणि बारमाही गोचिडांचा बंदोबस्त हवाच.

प्रत्यक्ष शोधात कुत्रा पहिला आत गेला पाहिजे. गावकरी मदतीच्या तळमळीने शोधायला धावतात आणि माणूस शेवटचा दिसला ती जागा तुडवली जाते. पोलिसांना पहिली विनंती ही जागा राखण्याची करा, आणि घरच्यांना सांगा की त्याचे कपडे धुऊ नका. माणूस सापडला नाही तर निघण्याआधी एका सहकाऱ्याला जवळच लपवून कुत्र्याला ‘शोध’ पूर्ण करू द्या. रिकाम्या शोधांची सवय लागली की तो ढिला पडतो.

नोकरी म्हणून हे काम हवं असेल तर वाट वर्दीतून जाते. राज्यात पोलीस शिपाई म्हणून भरती व्हायचं आणि जिल्ह्याच्या श्वान पथकासाठी इच्छा कळवायची. प्रशिक्षण केंद्र पुण्यात शिवाजीनगरला, राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. एनडीआरएफमध्ये बहुतांश जवान केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. सीमा सुरक्षा दलाचं ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरचं केंद्र १९७० पासून चालू आहे, तर सैन्याच्या कुत्र्यांचं प्रशिक्षण मेरठला होतं. गिर्यारोहण संस्थांतून स्वयंसेवक म्हणूनही हे करता येतं, मात्र शोधात उतरायला स्थानिक पोलिसांची संमती लागते. वाट कुठलीही असो, पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, वेळ, तापमान, वाऱ्याची दिशा, मागाचं वय आणि लांबी, जमीन, आणि कुत्रा कुठे अडला. पथकात कुत्र्याला बहुधा दोन हस्तक असतात, आणि दुसरा रजेवरून परतल्यावर आधी हीच वही मागतो.