रेनकव्हर असूनही कॅमेरा बॅग भिजत होती, त्यावरचा उपाय

कव्हर घालूनही बॅगेचा तळ ओला व्हायचा. कारण कव्हर पाठीची बाजू झाकतच नाही. हरिश्चंद्रगडावरच्या आडव्या पावसात पाणी पाठीवरून ओघळतं, पट्ट्यांच्या शिवणीतून झिरपतं आणि उरलेलं कव्हरच्या तळाशी साचतं. कव्हरच्या सर्वांत खालच्या टोकाला छोटं आयलेट (धातूची कडी बसवलेलं भोक) ठोकून घेतलं, पाणी निघून जाऊ लागलं आणि साचणं थांबलं. कॅमेऱ्याचा पॅडेड कप्पा आता 20 लिटरच्या ड्राय बॅगेत, म्हणजे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत असतो. तिचं तोंड किमान 3 वेळा गुंडाळून मगच बकल लावायचं, एकदाच गुंडाळलं तर पाणी शिरतंच. आतला दमटपणा शोषायला ठेवायचं सिलिका जेल सुकवलेलं हवं, नाहीतर नुसतं ओझं. नवी बॅग घेताना ‘वॉटरप्रूफ’ लेबल सोडा, आतली शिवण उलटून बघा: शिवणीची भोकं बंद करणारी टेप नसेल तर कापड कितीही जाड असो, पाणी येणारच.