मुरगळलेला घोटा घेऊन नव्या क्लासला जाताना

जुलै उजाडेपर्यंत जांभ्या दगडाच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ धरतं, आणि रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, कुठेही बघा, कुणाचा ना कुणाचा पाय मुरगळलेला असतोच. दुखणं ओसरलं तरी पाऊस बाहेर चालू देत नाही, मग बाजारपेठेतल्या हॉलमध्ये चालणारा झुंबा, एरोबिक्स किंवा सायकलिंगचा क्लास खुणावू लागतो. जरूर जा, पण क्रमाने.

आधी पायाची परीक्षा. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढचा विचार नको. ताजा मुरगळलेला पाय जोराने चोळून ‘बसवून’ घेऊ नका, त्याने सूज वाढते. पुढे सपाट जमिनीवर न लंगडता चालता येऊ लागलं आणि जिना उतरताना कठडा धरावा लागेनासा झाला, की फिजिओथेरपिस्टला विचारून क्लासचं ठरवा.

एका गोष्टीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, ताणलं की पाय किती वाकडा पडतोय याची मेंदूला मिळणारी खबरही बिघडते. सूज उतरते, पण ही खबर सरावाशिवाय नीट होत नाही, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. क्लास सुरू करण्याआधी रोज ओट्याला हात टेकून दुखऱ्या पायावर उभं राहा. नंतर हात सोडा. डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट स्थिर उभं राहता आलं पाहिजे. सुरुवातीला घोट्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू थरथरताना दिसतील. ती थरथर कमी होत गेली, की तोल परत येतोय असं समजा.

क्लास निवडताना माझं मत सायकलिंगला. पाय पेडलवर एका रेषेत फिरतो, आडवा वळत नाही. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकली की गुडघा जवळपास सरळ व्हावा, एवढी सीट उंच हवी. झुंब्यात मात्र गिरक्या आणि आडव्या उड्या असतात. पळायच्या बुटांची पकड लादीवर अडकते, अंग वळतं आणि घोटा तिथेच राहतो. झुंबा महिनाभर पुढे ढकललात तरी चालेल. योगवर्गाला गेलात तर वज्रासनात घोट्याचा पुढचा भाग ताणला जातो, तेव्हा तेवढं आसन सोडा.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं लवकर पोचा. ओल्या चपलांनी हॉलचा जिना चढणं हे क्लासपेक्षा धोक्याचं असतं. कोरडे बूट पिशवीतून न्या. दमट हवेत लादीला घाम सुटतो, म्हणून पाय ठेवण्याआधी फरशीवरून हात फिरवून बघा. शिकवणाऱ्यांना मोकळेपणाने सांगा, “मॅडम, उजवा घोटा मुरगळला होता. मी उड्या मारणार नाही, जागच्या जागी चालेन.” भिंतीजवळची जागा घ्या, म्हणजे तोल गेला तर आधार मिळतो. लाईट गेली तर आहात तिथेच थांबा. वेदनाशामक गोळी घेऊन क्लासला जाऊ नका, कारण पाय थांब म्हणत असेल ते तुम्हाला कळणारच नाही.

दुखणं शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत असेल आणि व्यायाम थांबवल्यावर कमी होत असेल, तर चालू ठेवा. टोचणारी कळ आली किंवा पाय निसटतोय असं वाटलं, तर गाणं अर्धवट असलं तरी थांबा.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून उठून पहिली पावलं टाका, दोन्ही घोटे शेजारी ठेवून बघा. कालच्यापेक्षा सूज किंवा ताठरपणा वाढला असेल तर पुढचा क्लास गाळा आणि त्यानंतर निम्मा वेळच करा. दोन-तीनदा असंच झालं तर पुन्हा फिजिओकडे. हे कळेपर्यंत महिन्याची फी भरू नका. पैसे भरलेत म्हणून दुखऱ्या पायाने जाणारे पुष्कळ असतात.

सकाळ चांगली जात असेल तर आधी वेळ वाढवा, मग वेग. उड्या सगळ्यात शेवटी: आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर.